थोरली चालू, धाकटी तयार

३ तारीख, मंगळवार

सुनेनं ही वही मागच्या वर्षी मिरचीच्या साखरेचे आकडे लिहायला दिली. आकडे पुढून लिहायचे. मागची पानं कोरी राहणार, म्हणून मी मागून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. जेवढी अक्षरं तेव्हा पदरात पडली तेवढ्यावर निभावते. हे कोणी वाचायचं नाही. वाचलंच तर वाचणाऱ्याचं डोकं दुखेल, माझं काय जातंय.

मिरची माझी नात, सात वर्षांची. जिभेला हाड नाही म्हणून मीच हे नाव ठेवलं. चार वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. दिवसातून चारदा बोट टोचून आकडा बघायचा आणि जेवणाआधी पोटाला इन्सुलिनचं पेन लावायचं. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर पडते, आणि पडलेली साखर पोर घेऊन जाते. तीन वर्षं हे काम मी एकटीनं केलं. एक वेळ चुकली नाही.

मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सून रुग्णवाहिकेच्या फोन-केंद्रात कॉम्प्युटर सांभाळते. कोणी जिन्यावरून पडलं, कोणाच्या छातीत दुखलं की फोन तिथं लागतो. कुठली गाडी कुठं पाठवायची ते तिची मशीन सांगते.

आज जेवताना म्हणाली, "अहो आई, महिनाभर मला उशीर होईल. केंद्रात दुसरा सर्व्हर बसवतोय."

"पहिल्याला काय धाड भरली?"

"काही नाही. पण एकच आहे. तो बसला की सगळं शहर बसलं. आता दोन असतील. एक काम करेल, दुसरा स्टँडबाय. पहिल्याकडे जे येईल ते लगेच दुसऱ्याकडेही उतरेल. पहिला पडला की दुसरा काम उचलेल."

"आणि पडला नाही तर दुसरा काय करेल?"

"ऐकत बसेल. पहिला दर सेकंदाला एक ठोका देतो, म्हणजे मी आहे. लागोपाठ तीन ठोके चुकले की दुसरा समजतो, गेला."

"म्हणजे बसून खायचं आणि थोरलीच्या मरणाची वाट बघायची."

सून हसली. मग ताटातलं इकडचं तिकडे करत म्हणाली, "घरातही तसंच करू या म्हणते. तुम्ही एकट्या आहात. माझ्या आईला बोलावलंय. तळमजल्यावरची खोली रिकामी झालीय ना, तिथं राहील."

म्हणजे सर्व्हरची गोष्ट माझ्यासाठी होती. लापशीत गोळी घालून देतात तशी.

मी म्हटलं, "बोलाव की. घर तुझं."

ताट मी घासलं. जरा जोरात घासलं.

५ तारीख, गुरुवार

विहीणबाई आल्या. तीन बॅगा, एक पृथ्वीचा गोल आणि इस्त्री. सदतीस वर्षं शाळेत शिकवलंय. चालतात अशा की पुढं वर्ग उभा आहे. मी मनात नाव ठेवलं, मास्तरीण.

सून मला "अहो आई" म्हणते. तिला "ए आई". अकरा वर्षं मी त्या 'अहो'त राहिले, मला वाटायचं मान आहे. आज दाराशी "ए आई, आलीस गं" ऐकलं आणि कळलं, पाहुण्याला पाट देतात तसा तो मान. घरचा माणूस जमिनीवरच बसतो.

मिरचीनं गोल फिरवून विचारलं, "यात बाबा कुठंय?" मास्तरणीनं निळ्या रंगावर बोट ठेवलं, "इथं, बेटा." तीन वर्षं पोर मला विचारत होती बाबा कुठंय, मी सांगत होते, पाण्यात. तेही निळंच होतं. पण बोट ठेवायला माझ्याकडे गोल नव्हता.

९ तारीख, सोमवार

सुनेनं नियम घालून दिला. कागदावर लिहून फ्रीजला चिकटवला.

मी थोरली. टोचायचं मी. टोचून झालं की विहिणीला फोन लावायचा, दोन रिंगा वाजवून तोडायचा. आठ, एक, पाच आणि आठ. वेळ टळून पंधरा मिनिटं झाली आणि रिंगा आल्या नाहीत तर विहिणीनं स्वतःच्या किल्लीनं वर यायचं आणि काम हातात घ्यायचं. तिच्याकडे दुसरं पेन, दुसरं मीटर, दुसरी वही. माझ्या वहीतलं सगळं रोज तिच्या वहीत उतरवायचं. काही राहता कामा नये.

"म्हणजे मी जिवंत आहे," मी म्हटलं, "हे मी हिला दिवसातून चारदा कळवायचं."

"मी पण कान लावून बसायचंय, विहीणबाई," मास्तरीण म्हणाली. "मला दुसरा उद्योग आहे का काही?"

"नाहीच आहे. तेच म्हणते."

सून म्हणाली, "दोघींपैकी कोणी कमी नाही. दोन आहेत म्हणून मला केंद्रात झोप लागते."

"कामावर झोपतेस होय."

मिरची खी खी हसली. मग मला बरं वाटलं.

१० तारीख, मंगळवार

आज पहिल्यांदा वही उतरवून घ्यायला मास्तरीण वर आली. पुढची पानं चाळली. माझे आकडे बघितले आणि पर्समधून लाल पेन काढलं. 'सकाळि' असं मी लिहिलं होतं, तिथं वेलांटी दीर्घ केली. सात ठिकाणी.

"सवय हो," म्हणाली. "हात आपोआप जातो."

"माझा पण जातो," मी म्हटलं. "पण मी आवरते."

मग म्हणाली, "अक्षर छान मोठं आहे तुमचं. पण पुढंपुढं आणखी मोठं होत चाललंय. पहिल्या पानावर ओळीत बसतं, इथं दोन ओळी घेतंय."

आता अक्षराचं मापही काढणार. मी सांगितलं, आमच्या घरी कागदाला तोटा नाही.

हल्ली सुनेनं दिवे स्वस्तातले आणलेत, संध्याकाळी स्वयंपाकघर धुरकट दिसतं. तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बदलते." बदलले तरी तसेच.

१४ तारीख, शनिवार

मास्तरणीनं आज विचारलं, "पेनावरचा आकडा तुम्हाला दिसतो का? मला चष्मा लावूनही बारीक वाटतो."

"मला बघावा लागत नाही. मी ऐकते. एक मात्रा, एक टिक. तीन मात्रा, तीन टिक." तीन वर्षं कानानं मोजतेय, डोळ्याची गरज काय? पेन बनवणाऱ्यांनीच आकडे बारीक केलेत, त्याला मी काय करू.

तिनं तेही वहीत लिहून घेतलं. 'टिक ऐकून मोजणे.' हिला सगळं हवं. बोट कुठलं टोचायचं, पोटाच्या कुठल्या बाजूला, टोचताना कुठली गोष्ट सांगायची. मी सगळं दिलं. रोज देते. घागरीला भोक पाडल्यासारखी मी थेंबथेंब खालच्या मजल्यावर जातेय.

एक मात्र दिलं नाही.

साखर पडायला लागली की इतर पोरं चिडचिड करतात, असं डॉक्टर म्हणाला होता. आमचं उलट. मिरची गोड बोलायला लागते. एरवी "ए आजी, सरक" म्हणणारी पोर "आजी, तुम्ही बसा ना" म्हणाली की मी काही विचारत नाही, आधी साखर तोंडात घालते, मग मीटर आणते. तीन वर्षांत पाच वेळा असं झालं. पाचही वेळा मीटरच्या आधी मला कळलं. हे डॉक्टरला सांगितलं नाही, सुनेलाही नाही. वहीतला रकाना नाही तो. ते माझं आहे.

सगळंच उतरवून दिलं तर मी राहिले कशाला?

१७ तारीख, मंगळवार

आज पाचची रिंग दिली नाही. टोचलं वेळेवर, फोन मुद्दाम उशाखाली ठेवला आणि खिडकीत बसले. पाच वाजून सोळा मिनिटांनी जिन्यात पावलं. मास्तरीण दारात, तोंडावर घाम, एका पायात घरातली सपाता आणि दुसऱ्यात बाहेरची चप्पल.

"काय झालं? मिरची कुठंय?"

"खेळतेय. टोचलं कधीच. रिंग द्यायची राहिली."

जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. इस्त्रीची घडी मोडली होती. बरंच बरं वाटलं.

"विहीणबाई," दम खात म्हणाली, "पुन्हा असं करू नका. तीन मजले चढताना मी काय काय बघितलं ते मला माहीत."

"चढायची सवय करा. तयार राहायचं काम आहे तुमचं."

ती खाली गेली. तिनं सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१९ तारीख, गुरुवार

मिरची आता मला 'जुनी आजी' म्हणते आणि तिला 'नवी आजी'. जुनी काय, मी फ्रीज आहे?

त्यातून मास्तरीण पोरीला खाली नेऊन खोदून विचारते. आज काय खाल्लं, आजीनं किती टिक दिले, आजी कुठं गेली होती. पोर सगळं ओकते. मी मिरचीला बसवलं आणि म्हटलं, "नव्या आजीनं माझ्याबद्दल काहीही विचारलं तर म्हणायचं, माहीत नाही."

"खरंच माहीत असलं तरी?"

"असलं तरी."

"मग खोटं झालं."

"खोटं नाही, गुपित. आपल्या दोघींचं."

डोळे चमकले तिचे. सात वर्षांच्या पोरीला गुपितासारखं दुसरं खाणं नाही. साखरेचा प्रश्नही नाही त्यात.

२० तारीख, शुक्रवार

जिना उतरत होते. तळमजल्याचं दार अर्धवट उघडं. सुनेचा आवाज, "त्यांच्या हातातून हळूहळू काढून घ्यावं लागेल गं आई. एकदम नाही. त्यांना लागेल." मास्तरीण म्हणाली, "कधीची वेळ मिळालीय?" सून म्हणाली, "पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची."

तारीख पण ठरली माझी.

मी पुढं गेले नाही. वर आले. पाच वाजता रिंगा दिल्या, दोन. मोजून दोन. मेलेली नाही हे कळवून टाकलं.

२३ तारीख, सोमवार

सुनेच्या सर्व्हरांची जोडी आज चालू झाली. घरी आली तेव्हा तोंड सुकलेलं पण डोळे हसरे. मोबाइलवर चित्र दाखवलं. दोन चौकोन आहेत म्हणाली, एक हिरवा, एक पिवळा. मी डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"हिरवी थोरली, चालू. पिवळी धाकटी, तयार," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी जरा शांत वेळ असते तेव्हा थोरली मुद्दाम बंद करून बघणार. धाकटी खरंच उचलते का. त्याला फेलओव्हर म्हणतात."

"फेल म्हणजे नापास, एवढं मला चौथीत कळलं होतं. चांगली चालणारी थोरली कशाला बंद करता?"

"कधी न उचललेल्या धाकटीवर भरवसा कसा ठेवायचा, आई?"

यात माझ्यासाठी काय होतं ते मला कळलं.

२७ तारीख, शुक्रवार

काल लिहिलं नाही. आज इस्पितळातल्या बाकावर बसून लिहितेय. मिरची आत आहे, शुद्धीवर आहे, हाताला सलाईन. जसं झालं तसं लिहिते. लपवून लिहायचं असेल तर वही कशाला.

काल शाळेला सुट्टी होती. बारा पन्नासला मी तिला टोचलं. तीन टिक. जेवू घातलं. ताट लगेच धुऊन पालथं घातलं, मला उष्टं पडलेलं खपत नाही. मग मला कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जायचं होतं. हो, चष्म्याच्या. दिवे स्वस्तातले नाहीत हे मला चार दिवसांपूर्वी कळलं होतं, सुनेच्या मोबाइलवर पिवळा चौकोन मला दिसलाच नव्हता. गुपचूप जाडा नंबर करून आणायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला काढून घ्यायला येतील तेव्हा सुई ओवून दाखवायची, असं ठरवलं होतं.

रिंगा दिल्या नाहीत. रिंग दिली की ती मागून फोन करते, जेवली का, काय करते, तुम्ही कुठं निघालात. फोन बंद केला. मिरचीला चित्रं काढायला बसवलं, "आलेच" म्हणून दार ओढून घेतलं.

दुकानातला माणूस काचेमागून माझ्या डोळ्यांत डोकावला आणि म्हणाला, "आजी, चष्म्यानं नाही भागायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. रस्ता कसा ओलांडता तुम्ही?" मी म्हटलं, "कानानं." तो हसला. दुकानात आधीच रांग होती, सव्वादोन वाजले.

इकडे एक वाजून पंधरा मिनिटं झाली, रिंगा नाहीत. मास्तरणीनं फोन लावला, बंद. वर आली. पोर एकटी, मी गायब. तिनं विचारलं, "आजीनं टोचलं का गं?"

"माहीत नाही," मिरची म्हणाली.

"जेवलीस का?"

"माहीत नाही."

ताट धुतलेलं. तिनं बोट टोचून बघितलं. नुकतीच जेवलेली पोर, आकडा चढलेलाच असणार. तिला वाटलं, टोचायचं राहिलंय. नियमाप्रमाणं काम हातात घेतलं. कान लावून मोजले, तीन टिक. मग ताट वाढलं, पोट भरलेल्या पोरीनं दोन घास खाऊन सरकवलं.

मी दार उघडलं तेव्हा दोघी टेबलाशी वाचत होत्या. मास्तरीण तोंडभर हसून म्हणाली, "या. बघा तुमची मिरची कशी झालीय. अर्धा तास कृपया आणि आभारी आहे याशिवाय बोलली नाही. पाणीसुद्धा 'मिळेल का' म्हणून मागितलं."

मिरचीनं मान वर केली. कपाळावर घाम. "आजी," म्हणाली, "तुम्ही दमला असाल. तुम्ही बसा ना."

माझ्या हातातली पिशवी कुठं पडली मला माहीत नाही. साखरेचा डबा तोंडाशी नेला, मुठीनं भरवली. मास्तरीण म्हणत होती, काय करताय, आत्ताच टोचलंय. मी म्हटलं, "कोणी टोचलंय?" ती म्हणाली, "मी." मी म्हटलं, "मी पण."

 मीटर तिनं लावलं, मला दिसेना. त्रेचाळीस. साखरपाणी पाजलं, दहा मिनिटांनी शेहेचाळीस. पोर माझ्या मांडीवर ओल्या कपड्यासारखी पडली होती. गिळेना. फोन मास्तरणीनं लावला. दुसऱ्या घंटेला उचलला. सहा मिनिटांत गाडी दारात होती.

म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. दोन आज्यांची पोर दोनदा टोचलेली.

२७ तारीख, तीच, दुपारी

सून आली. डॉक्टरशी बोलली. मग खुर्ची ओढून आमच्या समोर बसली. आवाज चढवला नाही. तिचं हे मला कधीच आवडलं नाही, ओरडणाऱ्याला ओरडून उत्तर देता येतं.

मिरचीला विचारलं, "बाळा, नव्या आजीनं विचारलं तेव्हा 'माहीत नाही' का म्हणालीस?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. सलाईनचा हात पांघरुणात घेतला आणि म्हणाली, "माहीत नाही."

गुपित पाळत होती ती. त्या अवस्थेत.

मी म्हटलं, "मी शिकवलं होतं." मग रिंगेचं सांगितलं, एकदाचं नव्हे, दोनदाचं. चष्म्याचंही. मास्तरीण खाली मान घालून ऐकत होती.

सून म्हणाली, "आमच्याकडे याला भलताच घाबरतात. थोरली चालू असते, पण तिचे ठोके पोचत नाहीत. धाकटीला वाटतं ती गेली. मग दोघी एकाच वेळी आपणच मुख्य म्हणून लिहायला लागतात. त्यातून जे बिघडतं ते एखादी बंद पडण्यापेक्षा वाईट."

"मग तुम्ही काय करता?"

"धाकटीनं काम घेण्याआधी थोरलीची वीज तोडायची. खात्रीनं. मगच हात लावायचा." तिनं डोळे पुसले. "केंद्रात मी ते केलंय. घरात केलं नाही. दोघींना दोन पेनं दिली. चूक माझी आहे."

सगळं स्वतःवर घेतलं तिनं. मला काही ठेवलंच नाही.

मी म्हटलं, "तोडा मग वीज. तारीख तर ठरवलीच आहे तुम्ही, महिन्याच्या सुरुवातीची. जिन्यातून ऐकलंय मी."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सून म्हणाली, "आई, ती डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख आहे. तुमच्या ऑपरेशनची. दोन तारखेची. काम काढून घ्यायचं ते डोळे बरे होईपर्यंतच. तुम्ही मीटर उलटं धरलेलं बघितलं मी मागच्या महिन्यात. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरलाच आंधळा म्हणाला असता."

म्हणाले असते, हे खरं आहे.

जाताना दाराशी थांबून म्हणाली, "काल तुमचा फोन आला तेव्हा आम्ही थोरली बंद केलेली होती. चाचणी चालू होती. तुमची गाडी धाकटीनं पाठवली."

मी त्या पिवळ्या चौकोनाला काय काय बोलले होते ते हिला लक्षात आहे का, कोण जाणे. मला आहे.

३० तारीख, सोमवार

मिरची घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "जुने, माझे रंग कोणी हलवले?" एकशे बारा होती. मी मीटर न बघता सांगितलं, मास्तरणीनं बघून खात्री केली.

आता पेन एकच. दाराशी खुंटीला डबा लावलाय, पेन त्यात. जिच्या हातात पेन तिनंच टोचायचं. डब्यात पेन नसलं तर दुसरीनं काहीही करायचं नाही, आधी पहिलीला शोधायचं. रिंगा चालूच.

दुपारी मास्तरीण वर आली. लाल पेन आणलं नव्हतं. चहा घेतला. बशीकडे बघत म्हणाली, "एक सांगते, विहीणबाई. गुरुवारी वर आले आणि तुम्ही नव्हता, तेव्हा आधी घाबरले. मग बरं वाटलं. म्हटलं, आता ही माझी. तुम्हाला सात वर्षं मिळाली, मला सुट्टीतले आठ-आठ दिवस. म्हणून तुम्हाला खाली-वर शोधायच्या आधी पेन घेतलं मी."

मला वाटत होतं मत्सराचा मक्ता माझ्याकडे आहे. ही पण भरलेलीच निघाली. सदतीस वर्षं शिकवून हेच शिकली.

"आणि ती गोड बोलत होती," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, माझ्या संगतीनं."

मी उठले. तिची वही मागितली. कोऱ्या पानावर लिहिलं, दोन ओळी घेतल्या तर घेतल्या: 'मिरचि गोड बोललि कि आधि साखर दे. मग मिटर.'

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. ती चुका काढेल म्हणून मी वाट बघत होते. वेलांट्या सगळ्या चुकल्यात हे मलाही कळत होतं, घाईत होते.

तिनं वही मिटली. म्हणाली, "हे असंच राहू दे."

पहिल्यांदा वाटलं, दुरुस्त केलं असतं तर बरं झालं असतं.

२ तारीख, गुरुवार

सकाळी पेन मास्तरणीच्या हातात दिलं. नुसतं डब्यात ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण हातात दिलं. डब्यात ठेवलेली वस्तू कोणीही घेतो.

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. डाव्यानं लिहितेय, ओळी कुठं जातात ते देव जाणे आणि मास्तरीण दुरुस्त करो. इस्पितळात खिडकीजवळची खाट. संध्याकाळी सोडतील.

नर्सला म्हटलं, फोन माझ्या उशाशी ठेव, आवाज मोठा कर. ती म्हणाली, "कोणाचा यायचाय, आजी?" मी म्हटलं, "कोणाचा नाही. दोन रिंगा यायच्यात."

एक वाजला. मग एक वाजून पाच. बसून खायचं काम म्हणत होते मी याला. माणूस असं ऐकत बसला की त्याला घड्याळाचा काटासुद्धा खरवडताना ऐकू येतो. एक वाजून नऊ. तीन मजले चढताना मी काय काय बघितलं ते मला माहीत, असं ती म्हणाली होती. मी खाटेवरच तीन मजले चढले. एक वाजून अकराला पाय खाली सोडले, चपला चाचपल्या. एक सापडली.

एक वाजून बारा मिनिटांनी रिंग वाजली. एक. दोन. तुटायला हवी होती, तुटली नाही. तिसरी वाजली. मी फोन चाचपला.

उचलला.

"ए जुने," पलीकडून मिरची, तोंडात घास. "डोळा काढून घेतला का तुझा? नवी आजी टोचताना गोष्ट चुकीची सांगते. तिला काही येत नाही. तू कधी येतेस?"

मागून मास्तरीण म्हणत होती, अगं, असं बोलतात का मोठ्यांशी.

"बोलू द्या तिला," मी म्हटलं. "बोलतेय तोवर ठीक आहे."

फोन ठेवला. मग दुसरी चप्पल शोधली. खाटेखालीच होती, जवळच, मला दिसली.